गाणी कुणाच्या नावावर आहेत?

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की बहुतेक घरांत एक खोकं हमखास खाली येतं. मिक्सरचं नाहीतर बुटांचं. आत कॅसेट्स. काहींची कव्हरं फुटलेली, काहींची टेप बाहेर लोंबतेय, आणि एखादीवर बॉलपेनाने लिहिलेलं, ‘ताईचं लग्न, सनई’ किंवा ‘भजनी मंडळ, आषाढी’. त्याखाली सीडी आणि व्हीसीडींची चळत. मग घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘‘आई, टाक की हे आता! सगळं मोबाइलवर मिळतं.’’ भंगारवाला तर हल्ली कॅसेट्स फुकटसुद्धा न्यायला कुरकुर करतो.

मैत्रिणींनो, ते खोकं इतक्यात देऊन टाकू नका. आणि नुसतं जपूही नका, जे गाणं, जो सिनेमा, जे पुस्तक तुम्हाला खरोखर जन्मभर हवंय, ते जमेल तसं विकत घ्या. हातात धरता येईल, कपाटात ठेवता येईल, शेजारणीला देता येईल असं घ्या.

तुम्ही म्हणाल, ही बाई कुठल्या जमान्यात वावरतेय? म्हणून आधी मोबाइलच्या बाजूचं बोलते. खोटं कशाला बोलायचं? नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आपल्या देशात आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ. डेटा स्वस्त झाला आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बायकांना केवढी मोठी खिडकी उघडली! चांगला मराठी सिनेमा आमच्या गावात कधी लागायचाच नाही. लागला तरी सहाचा खेळ, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची वेळ. आता दुपारी भांडी आवरली की कानात वायर घालून दोन तास कुणी माझं नाव घ्यायचं नाही! हे सुख आपल्या आयांना कुठे होतं? भाकरी थापताना गाणं लावायचं, प्रवचन ऐकायचं, पाककृती बघायची. यातलं काहीही सोडा असं मी म्हणणार नाही. मीही सोडणार नाही.

पण ‘मिळतं’ आणि ‘आपलं आहे’ यांत फरक आहे, आणि तो आपल्याइतका कुणाला कळणार? सासरचं घर मोठं असतं, वापरायला सगळं मिळतं, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे विचारलं की बाई गप्प होते. आमच्या कामात हा प्रश्न रोज येतो. घर कुणाच्या नावावर, खातं कुणाच्या नावावर, गॅसचं पुस्तक कुणाच्या नावावर. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी असं मला वाटायला लागलंय. गाणी कुणाच्या नावावर आहेत?

अ‍ॅपवरचं गाणं भाड्याचं असतं. आपण महिन्याचे नाहीतर वर्षाचे पैसे भरतो ते ऐकण्या-बघण्याच्या परवानगीचे. कंपनीसुद्धा ते गाणं दुसऱ्याकडून करारावर घेते. तो करार संपला, मोडला, भावावरून बिनसलं, की गाणं निघून जातं. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचं कराराचं जमलं नाही, आणि झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. लोकांनी मेहनतीने केलेल्या याद्यांत अचानक भोकं पडली. कधी अख्खं दुकानच बंद होतं. रेसो नावाचं गाण्यांचं अ‍ॅप ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने आपलं विंक म्युझिक बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता त्या अ‍ॅपवर कुणी वर्षानुवर्षं एकेक गाणं निवडून ठेवलं असेल, तर त्या निवडीचं काय? घरमालक खोली रिकामी करायला सांगतो तेव्हा निदान आपली भांडी तरी आपल्याला उचलू देतो.

बरं, हे झालं भाड्याचं. ‘विकत घ्या’ असं बटन दाबून पूर्ण किंमत मोजली तरी वस्तू आपली होते का? नेहमी नाही होत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून त्यांनी विकत घेतलेली दोन पुस्तकं परस्पर काढून घेतली. हक्क नसलेल्याने ती विक्रीला ठेवली होती असं नंतर कळलं. पैसे परत केले, मालकाने माफीही मागितली. पण गंमत बघा, काढून घेतलेल्या पुस्तकांत एक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’. सरकारला नको असलेला मजकूर जिथे पुसून टाकला जातो अशा राज्याची ती गोष्ट! कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, अतिच झालं.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं पुस्तकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा विकत घेतलेली सगळी पुस्तकं लोकांच्या कॉम्प्युटरवरून गेली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकांत खुणा केल्या होत्या, टिपणं लिहिली होती, त्यांना वर २५ डॉलर. म्हणजे पुस्तक वाचताना तुमच्या मनात जे आलं त्याची किंमत २५ डॉलर. आमच्या आईच्या ज्ञानेश्वरीच्या समासात तिने पेन्सिलीने जे लिहून ठेवलंय ते २५ डॉलरला देशील का असं कुणी विचारलं, तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवलं, की तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका आता काढून टाकल्या जातील. खूप ओरड झाली आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. (ओरडलं की ऐकतात, हे लक्षात ठेवण्यासारखं.) असल्या प्रकारांमुळेच अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. ‘विकत घ्या’ असं बटन ठेवायचं असेल, तर ही फक्त वापरायची परवानगी आहे हे दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. तिकडच्या शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकालाही हे कायद्याने सांगायची वेळ आली, तर आपली काय कथा!

कधीकधी गोष्ट पैशाची नसतेच. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ सिनेमा तक्रारी झाल्यावर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. मंदिरात प्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्या घरातली मुलगी मोठी शेफ व्हायचं ठरवते, अशी ती गोष्ट. तो सिनेमा चांगला की वाईट, तक्रार खरी की खोटी, हा वाद मी इथे काढत नाही. पण ते ठरवायला आपल्याला तो बघता तरी यायला हवा! रात्री अर्धा बघून उरलेला उद्या दुपारी बघू असं एखाद्या बाईने ठरवलं असेल, तर तिची दुपार कुणीतरी परस्पर रद्द केली. कपाटातली डीव्हीडी अशी उठून जात नाही.

अ‍ॅपमधल्या ‘डाउनलोड’ या शब्दानेही पुष्कळ जणी फसतात. गाणं उतरवलं म्हणजे ते मोबाइलमध्ये आलं, आपलं झालं, असं वाटतं. तसं नसतं. ते कुलपातलं गाणं असतं आणि किल्ली कंपनीकडे. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहायला ३० दिवसांत एकदा तरी नेटवर यावं लागतं, आणि पैसे भरणं थांबलं की ती बंद. पूर्वी वाण्याकडे खातं असायचं, पण घरी आणलेली साखर तो परत न्यायला यायचा नाही.

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते. कंपनी गाणं काढेल ही एक भीती. पण आपल्या घरांत त्याच्याही आधी एक पायरी असते. ते अ‍ॅप बाईचं नसतंच. नवऱ्याच्या नंबरवर असतं, मुलाच्या ई-मेलवर असतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकाने पासवर्ड दिलेला असतो. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही घराबाहेरच्यांशी पासवर्ड वाटून घ्यायला बंदी केली, तेव्हा कितीतरी आयांची पुण्या-मुंबईच्या लेकरांच्या खात्यावरची खिडकी बंद झाली. लेकाला फोन करून ‘‘अरे, माझं ते बंद पडलंय’’ असं म्हणायला किती जणींना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. औषधाचे पैसे मागता येतात, गाण्याचे मागता येत नाहीत.

२०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतःला वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तो नव्हता. आणि ज्यांच्याकडे असतो त्यांच्यातही रिचार्ज कोण मारतं? जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्या बचत गटात चर्चा झाली. काटकसर करायची म्हटल्यावर पहिला पॅक कुणाचा लहान झाला असेल, मी सांगायला नको. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने साध्या चित्राचा सिनेमा बघायला तासाला एक जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाचा एक किंवा दीड जीबी असलेल्या बाईने अडीच तासांचा सिनेमा दोन-तीन दिवसांत बघायचा, तोही मुलाने गेममध्ये डेटा उडवला नसेल तर.

आमच्या गटातल्या एक वहिनी. नाव सांगत नाही. नवरा अचानक गेला. सगळं त्याच्याच नंबरवर. बँक, गॅस, लाइट बिल. दुःखाच्या दिवसांत तो नंबर रिचार्ज करायचं कुणाच्या ध्यानात राहणार? नंबर बंद पडला. पुढे ओटीपी येईना, तेव्हा आम्ही धावपळ करून बँकेचं, गॅसचं एकेक मार्गी लावलं. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘ताई, कागदाचं सगळं झालं हो. पण त्यांनी माझ्यासाठी गाण्यांची यादी केली होती त्या अ‍ॅपवर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. ती कुठून काढायची?’’ पंचवीस गाणी. त्यांना त्यातली सोळा-सतरा आठवली, ती आम्ही कागदावर लिहून काढली. बाकीची आठवेनात. हाच माणूस पूर्वी जाधवांच्या दुकानात जाऊन पंचवीस गाणी कॅसेटवर भरून आणायचा. ती कॅसेट आज त्यांच्या उशाशी असती.

दुकानाची आठवण निघाली म्हणून सांगते. कॅसेट ही बाईला परवडणारी वस्तू होती. भाजीच्या पैशातून चार-चार रुपये वाचवून घेता यायची. व्हीसीडी महाग होत्या, पण २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हा एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर झुंबड उडाली होती. एकदा घेतली की संपलं. दर महिन्याला कुणी पैसे मागायला यायचं नाही, ओटीपी विचारायचं नाही. तुम्ही काय लावलंत, कितीदा लावलंत, मध्येच रडलात का, हे टेपरेकॉर्डर कुणाला सांगत नसे. अ‍ॅपवर सगळी नोंद राहते. एकाच खात्यावर घर चालत असेल तर मुलाला कळतं, आईने काल काय बघितलं. सुनेने बघितलेलं सासूला कळतं. यावरून झालेली भांडणं आमच्याकडे आली आहेत. हसू नका, खरंच आली आहेत.

आणखी एक रुखरुख मराठी गाण्यांची. कॅसेटच्या आत एक घडीचा कागद असायचा. त्यावर गायिका, संगीतकार आणि कवीचं नाव ठळक, कधी गाण्याचे शब्दही. शांता शेळके, सुरेश भट ही नावं आपल्यापैकी कितीतरी जणींनी आधी त्या कागदावर वाचली आणि मग वाचनालयात जाऊन पुस्तक मागितलं. भावगीत म्हणजे अर्धी कविताच की! अ‍ॅपवर गायकाचं नाव दिसतं. कवी शोधायचा तर तीन ठिकाणी बोट दाबा, तरी मिळेल याची खात्री नाही. शिवाय शोधायचं कसं? मराठी गाणं इंग्रजी अक्षरांत लिहायचं, त्यात एक ‘ए’ कमी-जास्त झाला की भलतंच येतं. मूळ गाण्याऐवजी कुणीतरी ढोलावर घातलेलं नवं. ‘गीतरामायण’ घ्या. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक असं वर्षभर चाललं. ५६ गीतं, आणि त्यांना क्रम आहे, कारण ती गोष्ट आहे! अ‍ॅपने आपल्या मर्जीने उलटसुलट लावली तर वनवास आधी आणि जन्म नंतर, आणि मधे साबणाची जाहिरात. पैसे भरले की जाहिरात जाते म्हणतात. म्हणजे शांततेचेही पैसे.

‘‘पण मोठमोठ्या संस्था आहेत की जपायला, आपल्या एका खोक्याने काय होणार?’’ असं एकीने मला विचारलं. तिला मी दादासाहेब फाळक्यांच्या घरची गोष्ट सांगितली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. तो काढताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून ते सगळ्या माणसांचं जेवण रांधण्यापर्यंत राबल्या, अंगावरचे दागिने गहाण ठेवायला दिले. पुढे आपल्या देशात मूकपट निघाले तेराशेच्या आसपास. आज उरलेत मूठभर. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि तिथले पी. के. नायर जुन्या सिनेमांची रिळं शोधत गावोगाव फिरले. फाळक्यांची काही रिळं त्यांना कुठे मिळाली? फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे. घरात कुणीतरी ते डबे ‘जुनं झालंय, टाका’ न म्हणता ठेवले होते, म्हणून ‘कालिया मर्दन’मधली छोटी मंदाकिनी, फाळक्यांची मुलगी, कृष्ण झालेली आपल्याला आज बघायला मिळते. आणि आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा? त्याची एकही प्रत शिल्लक असल्याचं माहीत नाही. एवढा गाजलेला सिनेमा, थिएटरवर पोलीस बोलवावे लागले होते म्हणतात, आणि आज एक तुकडा नाही.

संस्थेतही सगळं सुरक्षित असतं असं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुने सिनेमे जळून गेले. म्हणून वस्तू अनेक घरांत असलेली बरी. एका ठिकाणी आग लागली, एक कंपनी बुडाली, तरी कुणाच्या तरी माळ्यावर एक प्रत राहते.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या जात्यावरचंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत जाऊन बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! त्यातल्या शंभराहून जास्त तासांच्या ओव्या टेपवर ध्वनिमुद्रित केल्या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. त्या गाणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी आज नाहीत. पण टेप होत्या. म्हणून २०१७ च्या मार्चपासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या नेटवर, अगदी फुकट, सगळ्यांना ऐकायला ठेवायला सुरुवात केली. आता म्हणाल, मग शेवटी नेटच कामाला आलं ना? आलंच! मी नेटच्या विरोधात नाहीच मुळी. पण आधी कुणीतरी टेप कपाटात सांभाळली होती, म्हणून नेटवर घालायला काहीतरी होतं.

वस्तू विकत घेण्याचे त्रास आहेत, तेही सांगते. नव्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडी आता फारशा निघत नाहीत. नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात तर टेपवर बुरशी धरतेच. घरी भरलेली सीडी दहा-पंधरा वर्षांत दगा देऊ शकते. पेन ड्राइव्ह नुसता ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर वर्षांनी त्यातलं उडू शकतं. त्यामुळे जे मोलाचं आहे त्याच्या दोन प्रती, आणि त्या दोन वेगळ्या घरांत. माहेरी एक, सासरी एक! कॅसेट्स उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, वर्षातून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या फेकू नका, त्या डब्यात टाका. सीडी पुसताना ताटासारखी गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची.

आणि घरच्या कॅसेट्स, म्हणजे आजीचा आवाज, बारशाची गाणी, लग्नाची व्हिडिओ कॅसेट, हे सगळ्यात आधी. ते कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नाही. गावातला लग्नाचे व्हिडिओ करणारा फोटो स्टुडिओवाला बहुतेक वेळा हे पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. घरी करायचं तर टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडायची. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉलेजातली मुलं एका दुपारी लावून देतात. त्यांना भजी करून घाला.

ज्यांना सीडीची खटपट नको त्यांच्यासाठी सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ काढला. रेडिओसारखा डबा, आत पाच हजार गाणी भरलेली, नेट लागत नाही. पुढे मराठी गाण्यांचाही आला. स्वस्त नाही, पण चार बहिणींनी मिळून आईला घ्यायला बरा. आमच्या ओळखीच्या एका आजी तो देवघराजवळ ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. बटन फिरवायचं आणि ऐकायचं, नातवाची वाट बघायची नाही.

सगळंच विकत घ्यायला कुणाकडे पैसे आहेत? माझा आपला सोपा हिशेब. एकदा बघून विसरायचं ते भाड्याने. वेळ घालवायच्या मालिका, बातम्या, पाककृती खुशाल मोबाइलवर. पण वर्षातून दोनदा तरी आपण ज्याच्याकडे परत जातो, असं प्रत्येकीचं काहीतरी असतं. दहा-वीस गाणी, दोन-तीन सिनेमे, चार पुस्तकं. तेवढंच. आणि ते आपल्या पैशातून घ्यावं, आपलं नाव घालून. दिवाळी अंकाचं बघा ना. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरुवात केली, आणि अजून आपण तो छापील घेतो. एक अंक आमच्या गल्लीत सात घरं फिरतो आणि संक्रांतीला तेलाच्या डागांसकट परत येतो. पासवर्ड असा फिरवता येत नाही.

आपल्या राज्यात सरकारमान्य सार्वजनिक वाचनालयं दहा हजारांहून जास्त आहेत. तिथे एक कपाट गाण्या-सिनेमांच्या सीडींचं आणि एक प्लेअर, एवढं मागायला काय हरकत आहे? ज्यांच्या घरी माळ्यावर खोकी पडलीत त्यांनी ती तिथे द्यावीत. आमच्या वाचनालयाच्या समितीला मी अर्ज दिलाय. ‘‘विचार करू’’ म्हणाले. समितीत अकरा पुरुष आणि एक बाई, त्यामुळे विचाराला जरा वेळ लागेल.

तोवर आमच्या महिला मंडळाने वेगळं ठरवलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या लुटल्या जातात. प्रत्येकीच्या घरी आता असे तीस डबे झालेत आणि झाकणं एकाचंही बसत नाही. या वेळी गावातल्या ज्या चार-पाच म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी अजून पाठ आहेत, त्यांच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित करून, त्यांना आधी विचारून, छोट्या पेन ड्राइव्हवर भरून वाटायची. सोबत एक छापील कागद, त्यावर प्रत्येकीचं नाव आणि गाव. वर्गणी डब्यांपेक्षा थोडी जास्त पडतेय, पण चाळीसपैकी एकतीस जणींनी दिली आहे. तीन आज्यांच्या ओव्या झाल्या. चौथ्या काकूंना दुपारी साडेतीनला वेळ आहे, गिरणीचा आवाज बंद झाल्यावर. त्या म्हणतात, जातं फिरवल्याशिवाय त्यांना पुढचं आठवत नाही. म्हणून दोघी जणी मिळून परसातलं जातं घासून पुसून आत आणतोय.